सकाळची ड्यूटी

मोठ्या विमान कंपनीतून माणूस लहान कंपनीत आला, की आपण का आलो हे तो कोणी न विचारता सांगतो. नव्या कॅप्टननं तर पहिल्या सकाळी, ब्रीफिंगच्या खोलीत खुर्ची ओढून बसायच्या आधीच, जाहीर करून टाकलं की आपण इथं फक्त ड्यूटीच्या वेळांसाठी आलो आहोत.

“तसं तिथं मला काही कमी नव्हतं,” तो म्हणाला. “पण आता रोज आपल्या घरी झोपायचंय. मग म्हटलं, छोटं विमान तर छोटं विमान.”

टेबलापलीकडे बसून ती हे ऐकत होती. या तळावरची सर्वांत जुनी कॅप्टन, वय बेचाळीस. नव्या वैमानिकांना शिकवायचं आणि मग त्यांचीच परीक्षा घ्यायची, ही दोन्ही कामं तिच्याकडे होती. सगळे तिला मॅडम म्हणत. तिनं त्याच्या कागदांवर नजर टाकली, सतरा हजार तासांचं उड्डाण, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मनात म्हणाली, घ्या, आणखी एक जण उपकार करायला आला.

हे बोलणं तिला नवं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी ती स्वतः एका मोठ्या कंपनीतली उजवीकडची, सहवैमानिकाची खुर्ची सोडून इथं आली होती. त्यामागं काही थोर कारण नव्हतं. एका हॉटेलात जाग आली तेव्हा आपण कुठल्या शहरात आहोत हे तिला आठवेना. पडदा सरकवून पाहिलं तरी कळेना. शेवटी टेलिफोनशेजारच्या कागदावर छापलेला पत्ता वाचला तेव्हा उलगडा झाला. त्याच आठवड्यात तिनं राजीनामा लिहिला. तिला आपल्या गावात, आपल्या घरात संध्याकाळ हवी होती, एवढंच. पण ते लोकांच्या पचनी पडेना. बॅचमधल्या मित्रांनी नाकं मुरडली. वहिनीनं डोळे मोठे करून विचारलं, “म्हणजे आता पंख्याच्या विमानावर?” भाऊ म्हणाला की लोक वर चढतात आणि आमच्या घरातलं माणूस जिना उतरतंय. तेव्हापासून या पंख्याच्या विमानाबद्दल कोणी तोंड वाकडं केलं, की तिच्या कपाळावर आठी चढायची.

तळावर सहा कॅप्टन होते. दर तीन महिन्यांनी ड्यूटीचा तक्ता लागायचा आणि ज्येष्ठतेनुसार एकेकानं आपली ड्यूटी निवडायची. सकाळची ड्यूटी एकच होती. पहाटे साडेपाचला पहिलं उड्डाण, दोनच्या सुमाराला मोकळं. दुपारची ड्यूटीही एकच, घरी पोचायला रात्रीचे अकरा. बाकी सगळ्या मुक्कामाच्या, म्हणजे तीन दिवस बाहेरगावी आणि दोन दिवस घरी. सकाळच्या ड्यूटीवर सगळ्यांचा डोळा असे, निदान तिची तरी तशी खात्री होती. पण पहिला नंबर तिचा, त्यामुळे दहा वर्षांच्या नोकरीतली शेवटची पाच वर्षं ती तिच्याकडेच होती.

आणि गेल्या आठ महिन्यांत तर त्या ड्यूटीवर तिचं घर उभं होतं. तिच्या वडिलांना झटका आला होता. हातपाय वाचले, वाचा गेली. चौतीस वर्षं या माणसानं रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. आवाज असा, की गाडी दोन तास उशिरा आहे हे ऐकूनही लोकांना बरं वाटे. आता त्या माणसाकडे एवढंच वाक्य उरलं होतं: “दिलगीर आहोत.” चहा हवा असला तरी दिलगीर आहोत, पंखा बंद करायचा असला तरी दिलगीर आहोत. राग आला की तेच वाक्य ते दात ओठ खाऊन म्हणत. वाचा शिकवणाऱ्या बाई इस्पितळातलं काम संपवून रोज पाचला घरी येत. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की जे काही परत यायचं ते पहिल्या वर्षात येईल, सराव रोज हवा आणि घरचं माणूस शेजारी बसलेलं हवं. सकाळी शिकवून उपयोग नव्हता, गोळ्यांमुळे दुपारपर्यंत बाबा सुस्त असत. दिवसभर सांभाळायला येणारी बाई साडेपाचला घरी जाई. थोडक्यात, तिला पाचला घरी असणं भागच होतं.

नव्या कॅप्टनला दुसऱ्या दिवसापासून तळावर ‘तिसरा मजला’ हे नाव पडलं. ते ठेवलं मेकॅनिकनं. हा मेकॅनिक निवृत्तीला टेकलेला आणि जिभेनं तिखट होता. सदानकदा चाकांशी उकिडवा बसलेला असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची किंमत त्याच्या बुटांवरून करी. नवा कॅप्टन विमानात चढताना दाराला डोकं आपटून घेऊन मागं सरला आणि कपाळ चोळत म्हणाला, “आमच्याकडे कॉकपिट तिसऱ्या मजल्यावर असायचं.” लगोलग त्यानं इथं कॉफी कोण आणून देतं तेही विचारलं.

“कॉफी टर्मिनलमध्ये मिळते, सर,” मेकॅनिक मान वर न करता म्हणाला. “तळमजल्यावर.”

तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलं. आणि तोही पठ्ठ्या रोज त्या नावाला जागत होता. आमच्याकडे सामान कोणी उचलत नसे. आमच्याकडे हवामानाचा कागद हातात आणून देत. आमच्याकडे कॉकपिटमागं झोपायला पलंग होता. पलंगाचं ऐकून तिला वाटलं, अरे बाबा, एवढं सगळं होतं तर तिथंच का नाही राहिलास लोळत. तोंडानं ती काही बोलली नाही. असल्यांना बोलून दाखवायचं नसतं, त्यांना विमान दाखवायचं असतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. उतरताना जमीन अगदी जवळ आली, की वैमानिक विमानाचं नाक जरासं उचलतो, इंजिनाची ताकद काढून घेतो आणि विमान हलकेच टेकतं. हे नेमकं केव्हा करायचं? यंत्रं आकडे सांगत असतात, पण हात हलतो तो डोळ्यांच्या सांगण्यावरून. मोठ्या विमानाची चाकं जमिनीला लागतात तेव्हाही वैमानिकाचे डोळे इमारतीच्या तिसऱ्या मजल्याएवढे उंच असतात. या विमानात ते माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढलेल्या माणसाएवढे. त्यामुळे मोठ्या विमानावरून आलेल्याला चाकं सातेक मीटर वर असतानाच वाटतं, आली जमीन. तो तिथंच नाक उचलतो. विमान हवेत रेंगाळतं, वेग घालवून बसतं आणि पोतं टाकल्यासारखं आदळतं.

दुखणं जुनं आणि औषधही साधं. धावपट्टीच्या तोंडाशी विमान उभं करायचं आणि पाच मिनिटं नुसतं समोर बघत बसायचं. चाकं जमिनीवर असताना जमीन कशी दिसते, कडेचे दिवे काचेच्या कुठल्या कोपऱ्यात येतात, ते डोळ्यांत भरून घ्यायचं. आणि प्रत्येक वेळी निघताना पुन्हा तेच. प्रत्येक नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी असं बसवायची. पोरं कंटाळत, पण आठवड्यात शिकत.

यालाही तिनं बसवलं. रिकामं विमान, उजवीकडे ती, डावीकडे तो. धावपट्टीच्या तोंडाशी तिनं ब्रेक लावला.

“कशासाठी थांबलोय?” त्यानं विचारलं.

“जरा समोर बघत बसू. इथून जमीन कशी दिसते ते...”

“मॅडम,” तो हसत म्हणाला, “जमीन मी पाहिलेली आहे. चला, इंधन जळतंय.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “चला,” ती म्हणाली.

त्या सकाळी तो सहा वेळा उतरला आणि सहा वेळा आदळला. ती वेळेवर हात पुढं करून इंजिनाला थोडी ताकद द्यायची, म्हणून धक्के सोसण्यासारखे बसले. त्याला ती लुडबुड वाटली. “राहू द्या, मी करतो,” असं तो दोनदा म्हणाला. पहिल्या धक्क्याला त्यानं वाऱ्याला दोष दिला, दुसऱ्याला धावपट्टीच्या उताराला. तिसऱ्याला म्हणाला, “हे विमान आहे की ट्रॅक्टर?” सिम्युलेटरमध्ये तो छान पास होऊन आला होता, पण पडद्यावरची जमीन कोणाच्या कमरेत बसत नाही. खाली उतरल्यावर मेकॅनिकनं टायरवरून हात फिरवला आणि तिच्याकडे बघून एकच भुवई वर केली.

काय चुकतंय ते तिला पहिल्याच वेळी कळलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण विचारू दे की एकदा, ती मनात म्हणाली. सतरा हजार तासांचा टेंभा जरा खाली ठेवून, मॅडम, माझं काय चुकतंय, एवढं म्हणू दे. मग सांगते. आठवडाभर तिनं वाट पाहिली आणि आठवडाभर तो आदळत राहिला.

करारात तीन परीक्षा होत्या. प्रत्येकीत सहा वेळा उतरायचं, चार वेळा तरी नीट. तिन्हींत नापास झाला तर कंपनी हात जोडून निरोप देणार. पहिल्या परीक्षेत त्याचं एकही उतरणं धड झालं नाही. तिनं अहवालात लिहिलं, विमान जोरात टेकतं, पुन्हा सराव हवा. काय होतं ते लिहिलं. का होतं ते लिहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मॅनेजरनं तिला बोलावलं. मॅनेजरनं आयुष्यात कधी काही उडवलं नव्हतं, पण टेबलावर लहान लहान विमानं मांडून तो वर्षानुवर्षं उंटावरून शेळ्या हाकत होता. त्यानं तिच्यापुढं एक परिपत्रक सरकवलं. पुढच्या तक्त्यापासून ज्येष्ठता नोकरीच्या वर्षांवर नाही, उड्डाणाच्या तासांवर ठरणार होती. ज्याचे तास जास्त, तो वर.

“मोठ्या कंपन्यांतली माणसं यायची तर त्यांना काहीतरी द्यायला हवं ना,” मॅनेजर म्हणाला. “तुम्ही तर घरच्याच आहात.”

“माझे नऊ हजार तास आहेत,” ती म्हणाली.

“हो ना. म्हणजे दुसरा नंबर. काही फार फरक नाही पडत.”

घरचं माणूस म्हटलं की त्याच्या ताटातलं उचलायला लोकांना काही वाटत नाही. ती उठली आणि बाहेर आली. फरक किती पडतो ते तिला कॉरिडॉरमध्येच कळलं होतं. तिसरा मजला पास झाला की यादीत सर्वांत वर बसणार. तो ‘वेळांसाठी’ आलेला, सकाळची ड्यूटी उचलणार. तिला दुपारची, नाहीतर मुक्कामाची. दोन्हींत पाच वाजता घर नाही.

त्या रविवारी तिनं भावाला फोन केला. भाऊ दुसऱ्या शहरात होता आणि त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असे, फक्त ते उत्तर दुसऱ्या कोणीतरी अमलात आणायचं असे. तो म्हणाला, “एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवू बाबांना. तिथं शिकवायलाही माणसं असतात.” ती म्हणाली की बघते. फोन ठेवून ती बाबांच्या खोलीत गेली, तर ते खुर्चीत बसून आपल्या बुटाची नाडी बांधत होते, चौथ्यांदा. कोणी मदत केलेली त्यांना खपत नसे.

दुसरी परीक्षा झाली. सहांतलं एक उतरणं बरं झालं, तेही योगायोगानं. अहवालावर सही करून तो कँटीनमध्ये एकटाच बसला होता. ती पाणी घ्यायला गेली तेव्हा तिला तो जवळून दिसला. डोळे लाल, डोळ्यांखाली काळं, कपात कॉफी तशीच. जागरण करतो वाटतं, तिला वाटलं. रोज घरी झोपायला आलेला माणूस आणि झोपेचं हे खोबरं. तिला हसू आलं.

“इथली धावपट्टी वेगळीच दिसते हो,” तो कपाकडे बघत म्हणाला. “कितीही केलं तरी अंदाज येत नाही.”

एवढं बोलून त्यानं दार किलकिलं केलं होतं. तिनं फक्त म्हणायला हवं होतं, धावपट्टी नाही, तुमचे डोळे. पण तिनं बाटली भरली, झाकण लावलं आणि मूग गिळून बाहेर पडली. गाडीत बसल्यावर तिनं स्वतःची समजूत घातली. त्यानं विचारलं कुठं होतं? तो धावपट्टीला नावं ठेवत होता.

घरी पोचली तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचे पत्ते काढले. खुर्ची, दिलगीर आहोत. कुत्रा, दिलगीर आहोत. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. मग खिडकीचं चित्र आलं. बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, ओठ हलवले, थांबले, पुन्हा हलवले.

“खिडकी,” ते म्हणाले.

आवाज तोच होता, स्टेशनवरचा. बाईंनी श्वास रोखून पुन्हा तोच पत्ता दाखवला. “खिडकी,” बाबा म्हणाले आणि रडायला लागले. तीही रडली. आठ महिन्यांत त्यांनी मिळवलेला तो पहिला शब्द होता. तो ऐकायला ती शेजारी होती, आणि पुढचा ऐकायलाही तिलाच असायचं होतं. एका आढ्यताखोर माणसाला आरामात सकाळ मिळावी म्हणून बाबांना कुठल्याशा संस्थेच्या रांगेत बसवायला ती तयार नव्हती. त्या संध्याकाळी तिनं ठरवून टाकलं. खोटं काही करायचं नाही. जे दिसेल तेच लिहायचं. फक्त आपण होऊन तोंड उघडायचं नाही.

तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी तो वेळेच्या आधी येऊन विमानाशी उभा होता. तिसऱ्या मजल्याचं बोलणं त्या दिवशी त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. धावपट्टीच्या तोंडाशी पोचल्यावर त्यानं आपणहून ब्रेक लावला. हात मांडीवर घेतले. तिच्याकडे न बघता म्हणाला, “मॅडम, काही सुचवायचं असेल तर सुचवा.”

तर शेवटी तो आला होता खाली. ज्याची तिनं तीन आठवडे वाट पाहिली ते वाक्य तिच्या पदरात पडलं होतं. तिला जिंकल्यासारखं वाटलं, ते अर्धा क्षण. मग तिला पाचची वेळ आठवली.

“तुम्हाला मी काय सुचवणार, सर?” ती म्हणाली. “सतरा हजार तास तुमचे.”

त्यानं मान हलवली आणि ब्रेक सोडला. सहांपैकी पाच वेळा तो आदळला. शेवटच्या वेळी त्यानं आधीपेक्षाही वर नाक उचललं, इतकं की तिला विमान आपल्या हातात घ्यावं लागलं. खाली उतरून त्यानं अहवाल वाचला, तिनं दाखवलेल्या जागी सही केली आणि मेकॅनिकच्या हातात हात दिला. मेकॅनिक त्या दिवशी काही तिखट बोलला नाही.

“याला सांगितलं होतंत ना, मॅडम, बघत बसायचं ते?” तो गेल्यावर मेकॅनिकनं विचारलं.

“पहिल्याच दिवशी,” ती म्हणाली. हे खरंच होतं, म्हणून तिला फार राग आला.

मॅनेजरनं हळहळ व्यक्त केली आणि नव्या जाहिरातीचा मजकूर करायला घेतला. दोन दिवसांनी, दुपारी चारच्या सुमाराला, ती आपल्या खोलीत कागद आवरत असताना तो ओळखपत्र परत द्यायला आला. युनिफॉर्म नव्हता. साध्या शर्टात तो बुटका दिसत होता. ओळखपत्र टेबलावर ठेवून तो निघाला आणि दाराशी वळला.

“एक विचारू? आता विचारायला हरकत नाही. माझं नेमकं काय चुकत होतं?”

आता सांगायला काहीच जात नव्हतं. “तुम्ही सात मीटर वर उतरत होता,” ती म्हणाली. “तुमच्या डोळ्यांना मोठ्या विमानाच्या उंचीची सवय आहे. तेवढी जमीन दिसली की तुम्ही नाक उचलता. चाकं तेव्हा वर असतात. जमिनीवर उभ्या विमानात बसून समोर बघायचं, रोज पाच मिनिटं. आठवड्यात जातं.”

तो हळूच खुर्चीवर टेकला. त्यानं तळहात टेबलापासून वर उचलून धरला, थोडा खाली आणला, आणखी खाली आणला. शेवटी वैमानिकच तो. सगळी उतरणी एका मिनिटात त्याच्या डोळ्यांपुढून गेली असणार.

“पहिल्या दिवशी तुम्ही मला त्यासाठी थांबवलं होतं,” तो म्हणाला. “आणि मी हसलो.”

“हो.”

“गाढवपणा केला.” मग त्यानं वर पाहिलं. “पण परवा मी विचारलं होतं.”

तिच्या जिभेवर दोन-तीन उत्तरं तयार होती, सगळी टोचणारी. त्यातलं एकही बाहेर येईना. “तुम्ही पास झाला असता तर यादीत वर गेला असता,” ती म्हणाली. “सकाळची ड्यूटी तुम्ही घेतली असती. मला पाचला घरी असावं लागतं.” आणि मग तिनं बाबांचं सांगितलं, झटक्यापासून खिडकीपर्यंत. तळावर कोणालाही तिनं ते इतकं सविस्तर सांगितलेलं नव्हतं.

तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, पण आलं ते नुसतं आश्चर्य.

“सकाळची?” तो म्हणाला. “साडेपाचचं उड्डाण म्हणजे साडेतीनला उठायचं. मॅडम, मला झोप लागते तीच पहाटे चारला. बारा वर्षं रात्री उडवली, आता डोळा मिटत नाही. इथं शिकायला सकाळी यायचं होतं, म्हणून तीन आठवडे मी झोपलेलोच नाही. मी दुपारची मागणार होतो. दुपारी यायचं, रात्री घरी जायचं, सकाळी उशिरापर्यंत पडून राहायचं. त्याच्यासाठीच तर नोकरी सोडली.”

सकाळची ड्यूटी कोणाला नको असेल, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. तुम्हाला कुठली वेळ हवी आहे, एवढं पहिल्या दिवशी विचारलं असतं तरी पुरलं असतं. पण आपण होऊन कारणं सांगणाऱ्या माणसाला कोण विचारतं? तिला स्वतःची शिसारी आली. दहा वर्षं तिनं लोकांच्या वरच्या मजल्यांना नावं ठेवली होती, आणि इतके दिवस ती स्वतः कुठल्या माडीवर बसली होती?

“मी आत्ता मॅनेजरकडे जाते,” ती उठत म्हणाली. “चूक माझी होती असं लिहून देते. शिकवण्यात कसूर झाली म्हणते. तुम्हाला पुन्हा एक संधी द्यावी लागेल त्यांना. माझं शिकवायचं काम काढून घेतील, घेऊ देत.”

“नको,” तो म्हणाला.

“आठवड्यात जमेल तुम्हाला. मी बसते शेजारी.”

“तेच नको.” तो उठला आणि खुर्ची होती तशी आत सरकवून ठेवली. आवाज चढलेला नव्हता. “दोघं बसतो आपण कॉकपिटमध्ये, मॅडम. एकाचं चुकलं तर दुसऱ्यानं बोलायचं, एवढ्यासाठीच दुसरा असतो. माझं चुकतंय हे तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही गप्प होता. आता तुम्ही शेजारी असलात तर माझं लक्ष जमिनीकडे लागणार नाही.”

तो गेला. जिना उतरताना त्याच्या बुटांचा आवाज ऐकू येत राहिला, मग बाहेरचं दार बंद झालं. ती उभीच होती. मॅनेजरची खोली दोन दारं सोडून होती. तिनं कोरा कागद घेतला आणि उभ्या उभ्याच लिहायला लागली, काय झालं ते आणि या वेळी का झालं तेही. सही केली तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि पाचला घरी पोचणं आता शक्य नव्हतं.